रँचर म्हणजे गवळी नव्हे

प्रश्न : माझा मुलगा टेक्सासमध्ये राहतो. तो तिकडे नवा असताना ज्यांनी त्याला घरच्यासारखे सांभाळले, ते शेजारचे आजोबा नुकतेच वारले. तिथल्या निधनवार्तेत ‘सिव्हिल इंजिनिअर, कोरियाच्या युद्धातील माजी सैनिक आणि कॅटल रँचर’ असे त्यांचे वर्णन आहे. आमच्या सोसायटीच्या वार्षिक अंकासाठी मला त्यांच्यावर टिपण लिहायचे आहे. रँचरला गवळी म्हणावे का? एकाच माणसाला ही तिन्ही कामे कशी जमली असतील? आपल्याकडे असे कुणी का आढळत नाही?
– एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : गवळी मुळीच म्हणू नका. गवळ्याचा संसार दुधावर चालतो, तर रँचर बहुधा गाईची धारही काढत नाही. त्याच्या गाई कुरणात मोकळ्या चरतात, तिथेच वितात, वासरू सहा-आठ महिने आईलाच पिते आणि मग लिलावात विकले जाते. पुढे ते मांसासाठी पोसले जाते. त्यामुळे ‘गोपालक’ हा शब्दही भलताच अर्थ सुचवील. ‘रँचर’ तसाच ठेवून ‘कुरणावर मांसासाठी गुरे वाढवणारा’ एवढा खुलासा एकदा करावा, हे उत्तम.

तीन कामांचे कोडे वाटते तितके अवघड नाही. दुसऱ्या महायुद्धातून परतणाऱ्या सैनिकांच्या शिक्षणाचा खर्च सरकारने उचलावा, असा कायदा अमेरिकेने १९४४ मध्ये केला आणि कोरियात लढलेल्यांसाठी १९५२ मध्ये तसाच दुसरा केला. शेतकऱ्यांची आणि कामगारांची असंख्य मुले त्या आधारावर इंजिनिअर झाली. पाठोपाठ १९५६ मध्ये ४१,००० मैलांच्या महामार्गांचा कायदा आला, तेव्हा सिव्हिलच्या पदवीधराला कामाची ददात राहिली नाही. तुमच्या आजोबांचा मार्ग नेमका असाच होता की नाही, हे मुलाला विचारून घ्या. त्या पिढीचा मळलेला रस्ता मात्र हाच होता. शिवाय रँच म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे हजारो गुरे येतात, पण तिकडे मांसासाठी गाई पाळणाऱ्यांचा सरासरी कळप पन्नासाच्याही आत असतो. एवढ्यावर घर चालत नाही. पाच दिवस नोकरी आणि शनिवार-रविवार गुरे, असे लाखो लोक करतात.

आणि खरे सांगायचे तर रँचवर निम्मे काम सिव्हिलचेच असते. गुरांच्या पाण्यासाठी ओढ्यावर मातीचा छोटा बांध घालायचा, तर गाभ्यात पाणी न झिरपणारी चिकण माती (आपल्या पाटबंधारे खात्यातील मंडळी तिला ‘हार्टिंग’ म्हणतात) थराथराने, किंचित ओलसर ठेवून दाबावी लागते आणि पुराच्या पाण्याला बाजूने सांडवा काढावा लागतो, नाहीतर पहिल्याच मोठ्या पावसात बांध वाहून जातो. तारेच्या कुंपणात कोपऱ्याच्या खांबावर सगळा ताण येतो. तिथे तिरका टेका नसेल, तर वर्षभरात खांब कलतो आणि सगळी तार लोंबू लागते. रँचच्या वाटेवर फाटकाऐवजी खड्डा खणून त्यावर लोखंडी नळ्या अंतर सोडून आडव्या टाकतात. मोटार त्यावरून खडखडत निघून जाते, गाय मात्र पाय घसरेल या भीतीने काठावरच थबकते. ही युक्ती मला कोणत्याही पुलाइतकीच देखणी वाटते.

आपल्याकडे पहिल्या दोन गोष्टींची सांगड पुण्याइतकी क्वचितच कुठे पाहायला मिळेल. खडकीला बॉम्बे सॅपर्स (लष्करातील अभियंत्यांचे दल) आहेत आणि दापोडीचे लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालय १९४८ मध्ये रुडकीहून इकडे आले. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये बॉम्बे सॅपर्सचे सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे यांनी काश्मीरच्या युद्धात नौशेरा-राजौरी रस्ता रणगाड्यांसाठी मोकळा केला. सुरुंग पेरलेल्या एका टप्प्यात ते पुढच्या रणगाड्याखाली शिरून त्याच्याबरोबर सरपटत गेले आणि दोन दोऱ्या ओढून चालकाला खुणा करत राहिले. मांडीला जखम झालेली असूनही त्यांनी काम सोडले नव्हते. परमवीर चक्र हयातीत मिळालेले ते पहिले. १९९४ मध्ये त्यांचे निधन पुण्यातच झाले.

घोडे अडते ते तिसऱ्या गोष्टीपाशी. टेक्सासच्या कोरड्या भागात एका गाईमागे वीस-पंचवीस एकर किंवा त्याहूनही अधिक कुरण लागते. आपल्या कमाल जमीनधारणा कायद्यात कोरडवाहू जमिनीची मर्यादा ५४ एकर आहे, म्हणजे त्या हिशेबाने दोन-तीन गाई झाल्या. त्यातून जो शेतकरी नाही, त्याला सहसा शेतजमीन विकतच घेता येत नाही. आणि २०१५ पासून राज्यात गाईबरोबर बैल व वळू यांच्याही कत्तलीला बंदी आहे. निवृत्त फौजी अधिकाऱ्याने गाई पाळल्याच, तर त्या दुधासाठीच असणार. फौजेनेही तेच केले. १८८९ मध्ये अलाहाबादेत सुरू झालेली आणि २०२१ मध्ये बंद झालेली मिलिटरी फार्म्स दुधासाठीच होती. पिंपरीचे फार्म जुन्या पुणेकरांना आठवत असेल.

टिपण लिहिण्यापूर्वी मुलाला एक गोष्ट अवश्य विचारा : आजोबांच्या गाईंना वशिंड होते का? असेल, तर त्या ब्राह्मन जातीच्या किंवा तिच्या संकराच्या असण्याचा फार संभव आहे. उकाड्याला आणि गोचिडांना दाद न देणारी ही जात अमेरिकेत भारतीय गुरांपासून तयार झाली. गीर, गुजरातची कांकरेज आणि नेल्लोरकडची ओंगोल यांच्याबरोबर आपली कृष्णाकाठची ‘कृष्णा व्हॅली’ ही जातही तिच्या पूर्वजांत मोडते. तसे निघाले, तर टिपणाची सुरुवात सांगली-मिरजेकडून करायला हरकत नाही.