वह्या बघ

पोरी,

शिकवायला लागल्यावर "मनात होती ती शाळा ही नव्हेच," असं तू लिहिलंस. नसणारच. तुझ्या मनातली शाळा फळ्याजवळ उभं राहून पाहिलेली आहे. शिक्षक-प्रशिक्षणातल्या सूक्ष्म अध्यापनाने ती आणखी पक्की केली: ६ मिनिटांचा पाठ आणि समोर मुलं म्हणून बसलेल्या मैत्रिणी, ज्यांना उत्तरं आधीच येतात. मुंबईत दोन सत्रांच्या शाळेत दुपारी तोच वर्ग दुसऱ्यांचा असतो, म्हणजे भिंतही एकट्या तुझी नसते. म्हणून तक्ते रंगवत रात्री जागू नकोस. वह्या बघ.

"समजलं का?" म्हटलं की वर्ग एका सुरात "हो बाई" म्हणतो. त्यावर विसंबू नकोस, वही उघड. तिथे ५२ − २७ = ३५ दिसेल. मोठ्यातून लहान वजा करायचं एवढंच पोराने धरलंय, म्हणून त्याने ७ मधून २ काढले. त्यावर नुसती फुली मारून काय साधणार? त्याला दहा-दहा काड्यांचे ५ गठ्ठे आणि २ सुट्या काड्या दे. एक गठ्ठा त्यालाच सोडू दे, १२ सुट्या मोजू दे, मग ७ काढू दे.

घरी हिंदी किंवा भोजपुरी बोलणारं मूल 'शाला', 'पानी' लिहितं. त्याला निष्काळजी म्हणशील तर खबरदार! घरच्या बोलीत ळ त्याच्या कानावर पडलेला नाही, आणि पाण्याला घरी 'पानी'च म्हणतात. काल-काळ, मन-मण आधी ऐकव, फरक ओळखू दे, मग लिहायला सांग. तोच शब्द दहादा लिहून कान तयार होत नाही.

रोज १० वह्या घे, म्हणजे ४० चा पट चार दिवसांत होतो. तपासताना मूल शेजारी हवं, घरी नेलेल्या वहीला "हे कसं केलंस?" असं विचारता येत नाही. सारखी चूक करणारी चार-पाच जणं दुसऱ्या दिवशी १० मिनिटं एकत्र बसव, आणि टाचणाची, म्हणजे पाठाच्या लेखी तयारीची, सुरुवात तिथूनच कर. टाचण देखणं दिसलं नाही तरी चालेल.

याने पोर्शन मागे पडतो, असं मला आयुष्यभर ऐकवलं गेलं. पडू दे. मुलांना न कळलेला पोर्शन पूर्ण झाला, असं कोणत्या तोंडाने म्हणायचं? निवडणुकीची कामं, ऑनलाइन माहिती, पोषण आहाराच्या नोंदी तुझा वेळ खातीलच. त्यातूनही वह्या बघ.

उद्या वजाबाकी घेणार आहेस ना? गठ्ठे रबरबँडने बांध. डिंकाने चिकटवलेस तर ते सुटणार नाहीत, आणि सोडणं हाच तर तो धडा आहे.

तुझ्या बाई