स्फोटात डोक्याला जखम झाली नाही, तरी मेंदूला इजा होऊ शकते का?

होय, होऊ शकते. स्फोटातून हवेच्या दाबाची लाट आवाजापेक्षाही अधिक वेगाने पसरते आणि ती कवटीतून थेट मेंदूत शिरते. डोके कुठे आपटण्याची गरजच नसते. मेंदूतील करडा आणि पांढरा भाग, रक्तवाहिन्या आणि द्रव यांची घनता सारखी नसल्याने, जिथे हे भाग एकमेकांना भिडतात तिथेच ताण सर्वाधिक बसतो. स्फोटाला सामोरे गेलेल्या अमेरिकी सैनिकांच्या मेंदूत नेमक्या याच सीमारेषांवर सूक्ष्म व्रण आढळल्याचे मेंदूच्या ऊतींचा अभ्यास करणारे अमेरिकी तज्ज्ञ डॅनिएल पर्ल यांनी 2016 मध्ये दाखवून दिले. हे व्रण नेहमीच्या सीटी स्कॅनमध्ये दिसत नाहीत, म्हणून ‘रिपोर्ट नॉर्मल आहे’ एवढ्यावर विसंबणे मला धोक्याचे वाटते.

जानेवारी 2020 मध्ये इराकमधील अल असद तळावर इराणी क्षेपणास्त्रे पडली, तेव्हा प्रारंभी कोणालाही इजा नसल्याचे सांगण्यात आले. पुढे शंभरहून अधिक अमेरिकी सैनिकांना मेंदूची इजा झाल्याचे निदान झाले.

विचारशक्तीवरील परिणाम बाहेरून चटकन लक्षात येत नाहीत. एकच परिच्छेद पुन्हा पुन्हा वाचावा लागतो, बोलताना ओळखीचा शब्द ओठांवर येऊन अडतो, दोन कामे एकत्र जमत नाहीत, झोप उडते आणि चिडचिड वाढते. यातील बरीच लक्षणे मानसिक आघातातही दिसतात, त्यामुळे अशा माणसाला ‘मनाने खचलेला’ ठरवून मोकळे होणे हा त्याच्यावर अन्याय आहे. बहुतेकांना विश्रांतीने काही आठवड्यांत बरे वाटते. मात्र डोकेदुखी वाढत गेली, उलट्या होऊ लागल्या किंवा शुद्ध हरपली, तर तत्काळ रुग्णालय गाठावे.