मोह झाला, म्हणजे मी चोर का?

"मॅडम, पैसे परत केले. पण पहिला विचार ठेवून घ्यायचाच आला होता. म्हणजे मी आतून चोरच का?"

समुपदेशक म्हणून काम करताना हा प्रश्न माझ्याकडे वेगवेगळ्या तोंडांनी येतो. कुणाला एटीएममध्ये आधीच्या माणसाच्या नोटा अडकलेल्या दिसतात, कुणाला एसटीच्या सीटखाली पाकीट सापडतं, कुणाच्या खात्यात अनोळखी नावाने रक्कम येऊन पडते. काहींनी पैसे त्याच दिवशी दिलेले असतात, काहींनी चार दिवसांनी, काहींनी अजून दिलेलेच नसतात. तिघांनाही रात्री छळतो तो स्वतःबद्दलचा संशय.

यावर बोलायचं तर मला सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एका दिवाणजींबद्दल, म्हणजे दुकानाचा हिशेब लिहिणाऱ्या माणसाबद्दल, सांगायला हवं. त्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

वय पन्नाशीच्या पुढे. हळदीच्या आडत दुकानात, म्हणजे शेतकऱ्याचा माल दलालीवर विकून देणाऱ्या गाळ्यावर, निम्मं आयुष्य गेलेलं. या यार्डात हळद आसपासच्या तालुक्यांतून येते, तशी कर्नाटकातून, मराठवाड्यातून, तेलंगणातूनही येते. हंगामात गाळ्यांवर श्वास घ्यायला फुरसत नसते. सौदे झाले की शेतकऱ्याला पट्टी (विक्रीच्या हिशेबाचा कागद) करून द्यायची, रोजमेळ (रोजच्या जमा-खर्चाची वही) लिहायचा, संध्याकाळी शिल्लक जुळवायची आणि मग घरी, हे त्यांचं काम. दहा रुपयांचा फरक आला तरी तो सापडेपर्यंत ते जेवायला उठत नसत.

माझ्याकडे त्यांना फॅमिली डॉक्टरांनी पाठवलं. झोप लागत नाही, छातीत जळजळ होते, ईसीजी आणि रक्ताचे रिपोर्ट मात्र ठीक. पहिल्या भेटीत ते झोपेबद्दल, मुलाच्या इंजिनिअरिंगच्या फीबद्दल, कामाच्या ताणाबद्दल बोलत राहिले. सगळं खरं होतं, पण बोलताना नजर सारखी दाराकडे जात होती. मी विचारलं, "रात्री जाग आली की डोळ्यांसमोर पहिल्यांदा काय येतं?"

बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "पट्टीवरचं अक्षर."

आठवडाभरापूर्वी संध्याकाळी गाळा बंद करून निघताना, उभ्या ट्रकच्या कडेला त्यांना एक पिशवी दिसली. खताच्या दुकानात मिळते तसली. आत रबर लावलेल्या पाचशेच्या नोटा, तंबाखूची पुडी, चुन्याची डबी आणि चार घड्या घातलेली पट्टी. पट्टीवर शेतकऱ्याचं नाव, गाव, पोती, वजन, दर, हमाली-तोलाईची वजावट आणि खाली निव्वळ रक्कम. डोक्यावर पलीकडच्या गल्लीतल्या गाळ्याचं नाव. ते अक्षर कुणाचं हेही त्यांनी ओळखलं, कारण त्या गाळ्याचे दिवाणजी त्यांच्यासोबत रोज चहाला असतात. पाच मिनिटांत पैसे मालकापर्यंत पोचले असते.

त्यांनी नोटा मोजल्या. 46 हजार. मुलाच्या फीचा हप्ता होता 45 हजारांचा, शेवटची तारीख चार दिवसांवर, आणि पतपेढीचं कर्ज अजून मंजूर झालेलं नव्हतं.

"देवानंच धाडलं असं वाटलं, मॅडम. एक मिनिटभर खरंच तसं वाटलं."

"सकाळी देऊ" म्हणून पिशवी घरी नेली आणि कपाटात कपड्यांच्या घड्यांखाली ठेवली. बायकोला सांगितलं नाही. सकाळी पलीकडच्या गल्लीतून न जाता लांबून वळसा घालून ते दुकानात गेले. दुपारी तो शेतकरी गाळ्यागाळ्यावर विचारत यांच्याही काउंटरसमोर येऊन उभा राहिला. "दिवाणजी, पिशवीचं काय कळलं का ओ?" हे म्हणाले, "नाही ओ पाव्हणं. कळलं तर सांगतो." आणि त्याला बसायला सांगून तांब्याभर पाणी दिलं.

"मी त्याला पाणी दिलं, मॅडम." हे वाक्य त्यांनी मला दोनदा ऐकवलं.

पुढची गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. तिसऱ्या दिवशी पतपेढीचं कर्ज मंजूर झालं. फी त्यातून भरली. सापडलेल्या पैशांची गरज तिथेच संपली, त्यातली एक नोटही खर्चलेली नव्हती, तरी पिशवी कपाटातून हलली नाही. लोभच असता तर तो या टप्प्यावर ओसरला असता. पैसे अडकले होते ते "नाही ओ पाव्हणं" या तीन शब्दांत. आता नेऊन दिले तर पहिला प्रश्न येणार, "मग त्या दिवशी नाही का म्हणालात?" त्या प्रश्नाला तोंड देण्यापेक्षा रोज रात्र जागून काढणं त्यांना सोपं वाटत होतं.

असं मी खूपदा पाहिलं आहे. पहिल्या दिवशी माणूस मोहामुळे थांबतो. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून तो लाजेमुळे थांबतो, आणि ती लाज दिवसागणिक वाढते. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं, पैसे ठेवून घेतलेला माणूस. पण लाजेने अडकलेल्या माणसाला "लोभ सोडा" असं सांगून काही उपयोग नसतो. त्याला परत जायची वाट दाखवावी लागते.

दुसऱ्या भेटीत दिवाणजींनी खरा प्रश्न काढला. "इतकी वर्षं शेठच्या तिजोरीतल्या पैशाला हात लावला नाही. तो प्रामाणिकपणा होता, की रोज संध्याकाळी हिशेब तपासला जायचा म्हणून?"

"छे, तुम्ही प्रामाणिकच आहात" असं म्हणणं सोपं होतं आणि त्यांनी ते मानलंही नसतं. मी त्यांना रोजमेळ कसा लिहितात ते सांगायला लावलं. जमा बाजू, नावे बाजू, शिल्लक, शेठची सही. दुकानात त्यांच्या सचोटीला या सगळ्याचा आधार होता. तिथे मोह होत नव्हता असं नाही, पण तो बळावायच्या आत नोंद होत होती आणि ती दुसरं माणूस पाहत होतं. ट्रकच्या कडेला यातलं काहीच नव्हतं. वही नाही, सही नाही, पाहणारं कुणी नाही, आणि वर डोक्यावर फीची तारीख. आधार काढून घेतल्यावर पाय लटपटले, याचा अर्थ आधी ते चालतच नव्हते असा होत नाही. मात्र त्यांनी केलं ते चुकलंच, आणि हेही मी त्यांना स्पष्ट सांगितलं. मनात आलेल्या विचाराबद्दल स्वतःला फटके मारू नका. शेतकऱ्याला दिलेल्या उत्तराची जबाबदारी मात्र तुमची आहे. या दोन गोष्टींची त्यांनी एकच मोट बांधून ठेवली होती, म्हणून ती उचलत नव्हती.

त्यांना मी एका संशोधनाबद्दलही सांगितलं. 2019 साली 'सायन्स' या नियतकालिकात ते प्रसिद्ध झालं. 40 देशांतल्या 355 शहरांत, भारतही त्यात होता, संशोधकांनी 17 हजारांहून जास्त पाकिटं 'सापडली' म्हणून बँका, हॉटेलं, पोलीस चौक्या अशा ठिकाणच्या कर्मचाऱ्यांच्या हाती दिली आणि मालकाशी कोण संपर्क साधतं ते पाहिलं. पैसे नसलेल्या पाकिटांबाबत साधारण 40 टक्के लोकांनी संपर्क साधला, पैसे असलेल्यांबाबत 51 टक्के. रक्कम आणखी वाढवल्यावर प्रमाणही वाढलं. संशोधकांनी लावलेला एक अर्थ असा, की रक्कम मोठी असली की ती ठेवून घेताना माणसाला आपण चोरी करतोय असं जास्त वाटतं, आणि स्वतःला चोर म्हणून पाहणं त्याला सोसत नाही. दिवाणजी ऐकून म्हणाले, "म्हणजे झोप जाते ती यानंच." मी म्हटलं, हो, आणि ती जाते हे चांगलं लक्षण आहे.

कायद्याचंही थोडं सांगते, कारण "सापडलेलं आपलं" असं अजून पुष्कळांना वाटतं. 1860 च्या भारतीय दंड संहितेतल्या कलम 403 खाली दोन दाखले दिलेले होते. रस्त्यावर रुपया सापडला, कुणाचा ते माहीत नाही, उचलला. एवढ्याने गुन्हा होत नाही. पण रस्त्यावर पत्र सापडलं, त्यात नोट आहे, पत्त्यावरून आणि मजकुरावरून मालक कळतो, तरी नोट वापरली, हा गुन्हा. दिवाणजींच्या हातातली पट्टी म्हणजे दुसऱ्या दाखल्यातलं ते पत्रच. 1 जुलै 2024 पासून हा विषय भारतीय न्याय संहितेच्या कलम 314 मध्ये आहे आणि शिक्षा किमान सहा महिने ते दोन वर्षं कैद आणि दंड अशी आहे. 1872 च्या करार कायद्याचं कलम 71 सांगतं, की सापडलेली वस्तू ताब्यात घेतली की ती कुणी विश्वासाने सांभाळायला दिल्याइतकी जबाबदारी येते. म्हणजे उचलल्या क्षणापासून तुम्ही राखणदार असता.

आता परत कसं द्यायचं? दिवाणजींचा पहिला विचार होता, गणपतीच्या दानपेटीत टाकायचे. हा मार्ग मला अनेक जण सुचवतात आणि त्यामागची तळमळ खोटी नसते. पण पैसे शेतकऱ्याचे होते. देवाला दिल्याने दिवाणजींना हलकं वाटलं असतं आणि शेतकरी होता तिथेच राहिला असता. दुसरा विचार, रात्री गुपचूप त्या गाळ्याच्या दारात पिशवी ठेवायची. त्यात ती पुन्हा हरवायची भीती, शिवाय संशय तिथल्या हमालांवर आला असता. मी विचारलं, "तुम्हाला नेमकी कशाची भीती वाटते? पैसे देण्याची, की तोंड दाखवण्याची?" उत्तर आम्हा दोघांनाही माहीत होतं.

पहिलं पाऊल ठरलं, बायकोला सांगायचं. त्याच रात्री सांगितलं. वहिनी रडल्या, दोन दिवस बोलल्या नाहीत, आणि तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "मी येते सोबत." मग आम्ही बोलायच्या शब्दांची तयारी केली. दिवाणजींनी लिहून आणलेल्या कागदावर फीची अडचण, पतपेढी, तब्येत असं सगळं होतं. मी एकेक ओळ खोडायला सांगितली. शेवटी उरलं ते असं: "पिशवी मला सापडली होती. तुम्ही विचारायला आलात तेव्हा मी खोटं बोललो. हे तुमचे पैसे, मोजून घ्या." फीचं कारण खरं होतं, पण ते ऐकलं की समोरच्या माणसावर माफ करण्याचं ओझं येतं. आधीच त्याचं नुकसान झालेलं, त्यात ते कशाला?

चहाच्या सोबत्याकडून नंबर घेऊन दोघं नवरा-बायको एसटीने त्या गावी गेले. शेतकऱ्याने ऐकून घेतलं, नोटा मोजल्या, काही बोलला नाही. बोलली त्याची बायको. काढणीची आणि शिजवणीची मजुरी द्यायची होती, त्यासाठी तिच्या भावाकडून हातउसने आणावे लागले होते, आणि "पैसे हरवले की प्यायला घातले" असं भावाने नवऱ्याला चारचौघांत विचारलं होतं. ते ती सुनावत राहिली आणि दिवाणजी उभे राहून ऐकत राहिले. निघताना त्यांनी विचारलं, "तुमच्या मेव्हण्यांना मी फोन करू का?" शेतकरी पहिल्यांदा बोलला, "करा." तिथूनच फोन केला.

चहा मिळाला नाही, माफी मिळाली नाही. पोलिसांत तक्रारही झाली नाही. पुढे महिन्याभराने दिवाणजींनी शेठनाही आपण होऊन सांगितलं. शेठनी कामावरून काढलं नाही, पण बरेच दिवस तिजोरी स्वतः उघडायला लागले. याचं दिवाणजींना वाईट वाटलं आणि ते वाटणं मला योग्यच वाटलं. झोप मात्र गावाहून परतल्यावर काही दिवसांतच लागायला लागली, आणि जळजळीच्या गोळ्या डॉक्टरांनी हळूहळू बंद केल्या.

म्हणून कुणी विचारलं की मी एकच गोष्ट आधी सांगते: पैसे सापडल्यावर पहिल्या तासाभरात एका माणसाला सांगा. बायको, नवरा, दुकानाचा मालक, शेजारी, कुणीही. मोह आला तर येऊ द्या, सांगितल्यावर तो एकट्याने कुजत नाही. पैसे एटीएममधले असतील तर त्या बँकेच्या शाखेला कळवा. मशीनच्या नोंदीवरून खातेदार सापडू शकतो. मालकाचा पत्ता लागत नसेल तर पोलीस ठाण्यात द्या आणि लेखी पोच घ्या. "माझे आहेत" म्हणून कुणी आलं तर रक्कम आणि नोटा किती कितीच्या हे त्याला सांगू द्या, आपण बोलू नका. यूपीआयवरून चुकून पैसे आले आणि लगेच "परत पाठवा" म्हणून फोन आला, तर त्या नंबरवर परस्पर पाठवू नका, आपल्या बँकेमार्फतच परत करा. असे फोन करून फसवणारेही आहेत. आणि ज्याचा मालक शोधायला काही मागमूसच नाही अशी रस्त्यातली एखादी नोट असेल, तर आजूबाजूला विचारा, आणि त्यापलीकडे स्वतःला छळू नका.

मागच्या पंधरवड्यात एक आई आली होती. तिच्या नऊ वर्षांच्या मुलाला शाळेच्या मैदानात पाचशेची नोट सापडली आणि ती त्याने चार दिवस कंपासपेटीत लपवून ठेवली. आईचा चेहरा उतरलेला, "हा पुढे काय होणार?" मी तिला म्हटलं, "का लपवलीस" हे आज विचारू नका. "कुठे सापडली ते मला दाखव" म्हणा आणि उद्या त्याच्यासोबत बाईंकडे जा. नोट त्याला स्वतःच्या हाताने देऊ द्या, चार दिवस ठेवली होती हेही त्यालाच सांगू द्या. तुम्ही शेजारी उभ्या राहा, आणि बाई रागावल्या तर मधे बोलू नका.