चष्मा घालवायला डोळ्यांचं लेसर करून चार दिवस झाले आणि अजून धूसर दिसतंय?
अरे घाबरू नकोस, आधी सांग तुझं लॅसिक झालंय की पीआरके, कारण दोन्हीची रिकव्हरी वेगळी असते. लॅसिकमध्ये बुबुळावरचा पातळ पापुद्रा उचलून परत बसवतात म्हणून बहुतेकांना दुसऱ्याच दिवशी बऱ्यापैकी दिसतं, पीआरकेमध्ये वरचा थरच काढतात आणि तो नव्याने भरून यायला ४-५ दिवस लागतात, तोवर डोळ्यावर बँडेज लेन्स, म्हणजे जखम झाकणारी कॉन्टॅक्ट लेन्स असते, आणि नजर नीट स्थिर व्हायला महिना-दोन महिने, कधी जास्तही.

माझं पीआरके होतं. तिसऱ्या दिवशी इतकं टोचत होतं ना की वाटलं चष्मा काय वाईट होता!

डोळे चोळायचे नाहीत म्हणजे नाहीत, झोपेतसुद्धा, म्हणून तर ती प्लास्टिकची शील्ड देतात, लाज न वाटता लावून झोप. कोरडेपणा महिनोन्‌महिने राहू शकतो कारण बुबुळाच्या नसा कापल्या जातात, त्यामुळे डोळे ओले ठेवणारे, प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले ड्रॉप्स खिशात ठेव, स्क्रीनवर मुद्दाम पापण्या मिटत जा. स्टिरॉइडचे ड्रॉप्स मात्र मनाने वाढवू नकोस, डोळ्यातलं प्रेशर वाढतं. रात्री दिव्यांभोवती कडी दिसतात तोवर गाडी दुसऱ्याला चालवू दे, पोहणं डॉक्टर हो म्हणेपर्यंत बंद.

पण दुखणं वाढतंय, लाली वाढतेय किंवा आलेली नजर परत कमी होतेय असं असेल तर इथे विचारत बसू नकोस, आजच डॉक्टरकडे जा.