पोटावरच्या पट्ट्याने बाळाला लागण होत नाही

तुमची बहीण एचआयव्ही पॉझिटिव्ह, आठवा महिना, एआरटीच्या (एचआयव्ही दाबून ठेवणाऱ्या) गोळ्या चालू. कळा सुरू झाल्यावर बाळाच्या ठोक्यांसाठी मशीन लावतील, त्यातून बाळाला लागण होईल, म्हणून घरचे 'मशीन नकोच' म्हणताहेत. असा हट्ट कृपा करून धरू नका.

लेबर रूममधल्या सीटीजी मशीनचे दोन पट्टे पोटावर बांधतात. एक बाळाचे ठोके टिपतो, दुसरा कळा. कुठे टोचत नाही, रक्ताचा संबंधच येत नाही. सिस्टर डॉपलर, म्हणजे ठोके ऐकायचं हातातलं छोटं यंत्र, पोटावर टेकवून ऐकतात, तेही तसंच. ठोके साधारण मिनिटाला 110 ते 160 असतात. ते उतरायला लागले तर वेळेवर कळायला नको का?

नको म्हणायचं ते आतून लावायच्या तारेला. ही मळसूत्रासारखी बारीक तार बाळाच्या डोक्याच्या कातडीत रुतवतात. जखम इवलीशी, पण आईचं रक्त आणि स्राव तिथून आत शिरू शकतात. डोक्याला टोचून रक्ताचा थेंब तपासतात, तेही याच कारणासाठी टाळायचं. आपल्याकडे ही तार फारशी दिसत नाही, तरी नाव घातलंय तिथे आधीच विचारून ठेवा. गरज नसताना पाणमोट फोडणं, चिमटा किंवा व्हॅक्यूम लावून बाळ ओढणं हेही शक्यतो नको.

पण मला विचाराल तर मशीनपेक्षा व्हायरल लोडची, म्हणजे रक्तात विषाणू किती आहे त्याची, चौकशी करा. काहीच उपचार नसतील तर, अंगावर पाजणं धरून, 15 ते 45 टक्के बाळांना लागण होते. 1994 च्या अमेरिका-फ्रान्समधल्या अभ्यासात झिडोव्हुडिन या एकट्या औषधाने लागणीचं प्रमाण 25.5 वरून 8.3 टक्क्यांवर आलं होतं. आज गोळ्या न चुकवता घेतल्या आणि विषाणू दबलेला राहिला, तर प्रसूतीत लागण होण्याची शक्यता 1 टक्क्याच्याही खाली जाते. व्हायरल लोडची तपासणी 32 ते 36 आठवड्यांत व्हायला हवी, म्हणजे आत्ताच. रिपोर्ट नसेल तर या आठवड्यातच एआरटी सेंटर गाठा. व्हायरल लोडचा आकडा (रक्ताच्या एका मिलिलिटरमागे) 1000 च्या वर आला तर डॉक्टर पुढचं नियोजन बदलतील. बाळाला कोणतं औषध आणि किती दिवस, हेही त्यावर ठरतं. नुसत्या एचआयव्हीसाठी सिझर करायचं असा नियम आपल्याकडे नाही.

'पॉझिटिव्ह पेशंट घेत नाही' असं कुणी म्हणालं, तर 2017 च्या एचआयव्ही कायद्याने तसं करता येत नाही, हे सांगा. अडलंच तर 1097 या एड्स हेल्पलाइनवर फोन करा. आणि ताईच्या गोळ्यांची डबी दवाखान्याच्या पिशवीत आजच टाकून ठेवा. कळा सुरू असल्या तरी त्या दिवशीची गोळी चुकवायची नाही.