दोन एनबीए अजिंक्यपदं, पैसा, नाव सगळं असूनही लमार ओडम व्यसनात का बुडाला?

प्रश्नाच्या खाली तुम्ही जोडलंय, "एवढं मिळूनही ज्याला सांभाळता आलं नाही, त्याची कीव का करायची?" कीव करू नका. पण तुमच्या "एवढं मिळूनही"शी मी अडलो. ओडमला काय मिळालं याचा हिशेब सगळे मांडतात. त्याचं काय काय गेलं, याचा हिशेब कुणी फारसा मांडत नाही, आणि तो एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमधल्या त्याच्या पहिल्या सामन्याच्या कितीतरी आधी सुरू होतो.

मी नागपूरचा. जिल्ह्याकडून खेळलो, आता शाळेत पीटी शिकवतो आणि संध्याकाळी पोरांना बास्केटबॉल. मी डावखुरा, त्यामुळे ओडमवर पहिल्यापासून जीव. 6 फूट 10 इंच उंचीचा माणूस, पण बॉल हाताळायचा तो एखाद्या बुटक्या गार्डसारखा, म्हणजे बॉल पुढे नेणाऱ्या चपळ खेळाडूसारखा. त्या उंचीचे खेळाडू रिबाउंड, म्हणजे नेम हुकून परत आलेला बॉल, घेतला की बॉल लहान माणसाकडे देऊन मोकळे होतात. हा रिबाउंड घ्यायचा आणि डाव्या हाताने ड्रिबल करत स्वतःच पुढे सुटायचा. लेकर्सचा सुपरस्टार कोबी ब्रायंटच्या संघात असूनही माझी नजर त्याच्यावरच असायची.

18 जून 2010 ची सकाळ मला अजून लख्ख आठवते. ओडमचा संघ लॉस एंजेलिस लेकर्स विरुद्ध बोस्टन सेल्टिक्स, फायनलचा सातवा, निर्णायक सामना. तिकडे रात्र, आपल्याकडे सकाळचे साडेसहा. आमच्या जुन्या संघाच्या कॅप्टनकडे केबल होती, म्हणून आम्ही चौघं त्याच्याकडे जमलो होतो. (नाव लिहीत नाही. आम्ही त्याला आजही कॅप्टनच म्हणतो.) सामना अगदी रखडत चालला होता, कुणाचाच बॉल बास्केटमध्ये जात नव्हता. शेवटी लेकर्स 83-79 असे जिंकले. ओडमचं सलग दुसरं अजिंक्यपद. ओडमला गोड गोळ्यांचं भारी वेड, मुठी भरभरून खायचा, त्यावर तिकडे बातम्याही झाल्या होत्या. कॅप्टनच्या शर्टाच्या खिशातही कायम पेपरमिंट असायचं. आम्ही त्याला चिडवलं, तू आमचा ओडम. तोही हसला आणि एक गोळी तोंडात टाकली. त्या गोळ्या कशाचा वास झाकायला होत्या, हे मला चार वर्षांनी कळलं.

आता ओडमकडे येतो.

जन्म 1979 चा, न्यूयॉर्कच्या क्वीन्समधल्या साउथ जमैका भागातला. वडील हेरॉइनच्या नादी लागलेले. आई आतड्याच्या कर्करोगाने गेली तेव्हा हा 12 वर्षांचा. जाताना तिने त्याला सांगितलं, सगळ्यांशी चांगलं वाग. ते त्याने अनेकदा सांगितलंय, आणि संघातले सहकारी त्याच्याबद्दल जे बोलतात ते ऐकलं की वाटतं, बाकी काही नाही तरी आईचा तेवढा शब्द त्याने पाळला. पुढे आजीने, आईच्या आईने, वाढवलं. 2003 मध्ये आजी गेली. 2006 मध्ये त्याचा साडेसहा महिन्यांचा मुलगा झोपेतच गेला. रात्री नीट झोपवलेलं बाळ सकाळी उठतच नाही आणि कारण सापडत नाही, अशा मृत्यूला डॉक्टर 'सिड्स' म्हणतात. बाळाला दफन केलं आणि तो काही महिन्यांत पुन्हा कोर्टवर होता.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, कारण ओडमचे चाहते ती गाळतात. मुलगा गेला म्हणून त्याला कोकेन लागलं, असं नाही. त्याने स्वतः लिहिलंय की पहिल्यांदा कोकेन घेतलं ते 2004 च्या उन्हाळ्यात, मायामीत, 24 व्या वर्षी. त्याच्याही आधी, 2001 मध्ये, क्लिपर्स या त्याच्या आधीच्या संघाकडून खेळताना अमली पदार्थांबाबतचे लीगचे नियम मोडल्याबद्दल त्याच्यावर आठ महिन्यांत दोनदा निलंबनाची कारवाई झाली होती. म्हणजे दार आधीच किलकिलं होतं. दुःखाने ते सताड उघडलं.

आणि तरीही 2004 ते 2011 तो लेकर्ससाठी उत्तम खेळला. लोकांना हेच समजत नाही. व्यसनी माणूस म्हणजे गटारात पडलेला, असं चित्र आपल्या डोक्यात असतं. पुण्यात 1986 साली मुक्तांगण सुरू झालं तेव्हापासून व्यसन हा आजार आहे हे आपण मराठीत ऐकत आलोय, पण घरातला माणूस वेळेवर कामावर जातोय, पगार आणतोय, तोवर तो आजारी आहे हे आपण मानत नाही. ओडम तर अजिंक्यपदं आणत होता. 2010-11 च्या मोसमात त्याची दर सामन्याची सरासरी 14.4 गुणांची होती आणि त्याला 'सिक्स्थ मॅन'चा, म्हणजे बाकावरून उठून येणाऱ्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार मिळाला. लेकर्सच्या खेळाडूला तो पहिल्यांदाच मिळत होता. सुरुवातीच्या पाचांत सहज बसला असता असा खेळाडू संघासाठी बाकावर बसायला तयार झाला, याचं मला जास्त कौतुक आहे. मी पोरांना शिकवतो, पाचातला एक जण काढून बाकावर बसवला की घरून फोन येतात.

मग 2011 चं वर्ष आलं. चुलतभावाचा खून झाला, म्हणून जुलैत तो न्यूयॉर्कला अंत्यविधीला गेला. तिथे तो बसला होता त्या गाडीची मोटरसायकलशी टक्कर झाली आणि पायी चाललेला 15 वर्षांचा एक मुलगा त्यात गेला. गाडी ओडम चालवत नव्हता. पण ज्याने स्वतःचं बाळ पुरलंय, त्याला यात आपला दोष नाही हे सांगून काय समजणार?

डिसेंबरमध्ये लेकर्सनी त्याला देऊन न्यू ऑर्लीन्सच्या ख्रिस पॉल या खेळाडूला आणायचा सौदा ठरवला. तीन संघांचा सौदा होता. त्यातला न्यू ऑर्लीन्सचा संघ तेव्हा खुद्द लीगच्याच मालकीचा होता, आणि आयुक्त डेव्हिड स्टर्न यांनी सौदा अडवला. कागदावर सगळं जैसे थे. पण आपल्याला विकायला काढलं होतं हे ओडमला कळलं होतं. तो इतका दुखावला की मलाच बाहेर पाठवा म्हणाला, आणि लेकर्सनी त्याला डॅलसच्या संघाकडे पाठवलं. तिथे सरासरी 6.6 वर आली. एप्रिल 2012 मध्ये मोसम संपायच्या आतच तो आणि संघ वेगळे झाले.

माझ्या मते बुडण्याची खरी तारीख ही आहे. आई गेली, आजी गेली, लेकरू गेलं, प्रत्येक वेळी तो ज्या जागी परत आला ती जागा म्हणजे सराव, बस, ड्रेसिंग रूम, बारा-तेरा माणसांची रोजची सोबत. दुःख कमी झालं नव्हतं, त्याला फक्त रोज ठरलेल्या वेळी कुठेतरी जायचं होतं. ते गेलं आणि उरला नुसता वेळ, पैसा आणि कोकेन.

हे मी कॅप्टनमुळे म्हणतो. कॅप्टनला खेळाच्या कोट्यातून नोकरी लागली होती. गुडघा गेला, मग खेळ सुटला, नोकरी राहिली. दारू आधी सामने जिंकल्यावर होती, मग सामनेच नसताना झाली. बायको माहेरी गेली तेव्हा आम्हाला कळलं. व्यसनमुक्ती केंद्रातून तो पहिल्यांदा परत आला तेव्हा मी त्याला शहाणपण शिकवायला गेलो होतो. तो मला म्हणाला, "दारू सोडणं एकवेळ सोपं आहे बे. संध्याकाळचे सहा वाजले की करू काय, तेवढं सांग." सहा ही आमची प्रॅक्टिसची वेळ. वीस वर्षं सहाला तो ग्राउंडवर होता. माझ्याकडे उत्तर नव्हतं. तो तीन महिन्यांत घसरला, पुन्हा केंद्रात गेला. दुसऱ्यांदा परत आला तेव्हा मी काही बोललो नाही, शिट्टी त्याच्या हातात दिली. 2016 पासून तो आमच्या पोरांना रोज सहाला पळवतो.

प्रसिद्धीबद्दलही तुम्ही विचारलंय. 2009 मध्ये ओळख झाल्यावर महिन्याभरात ओडमने टीव्हीवरच्या प्रसिद्ध घराण्यातल्या क्लोई कार्दाशियनशी लग्न केलं, पुढे दोघांच्या संसारावरच टीव्ही मालिका आली. तिथेच त्याचं वाटोळं झालं असं खूप जण लिहितात. मला ते पटत नाही, आणि त्याने स्वतःही लग्न मोडल्याचा दोष तिच्यावर टाकलेला नाही, स्वतःकडे घेतलाय. उलट ऑक्टोबर 2015 मध्ये तो नेवाडातल्या क्रिस्टल नावाच्या वस्तीत एका कुंटणखान्यात बेशुद्ध सापडला, तेव्हा घटस्फोटाचे कागद पूर्ण व्हायचे होते. कायद्याने अजून पत्नी असल्यामुळे उपचारांचे निर्णय तिला घेता येत होते. तिने घटस्फोटाचा अर्ज मागे घेतला आणि इस्पितळात उभी राहिली. पुढच्या वर्षी घटस्फोट झाला, तो भाग वेगळा. प्रसिद्धीने एवढं मात्र केलं की त्याचा आजार लोकांची करमणूक झाला. तो कोमात होता आणि बाहेर कॅमेरे लागले होते.

एका जुन्या खेळाडूचं नाव इथे घेतल्याशिवाय राहवत नाही, स्पेन्सर हेवूड. मिसिसिपीतल्या कापसाच्या शेतातून आलेला मुलगा, 1968 च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक. कॉलेजची वर्षं पूर्ण व्हायच्या आत व्यावसायिक खेळता यावं म्हणून तो एनबीएविरुद्ध थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढला आणि 1971 मध्ये जिंकला. ओडम कॉलेजचा एकच मोसम खेळून 1999 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ नवे खेळाडू निवडतात त्यात, चौथा निवडला गेला, ती वाट हेवूडने पाडलेली. हाच हेवूड 1980 मध्ये लेकर्सकडेच होता, कोकेनमध्ये बुडालेला. सरावात व्यायाम करता करता झोपला, आणि ऐन फायनलमध्ये प्रशिक्षक पॉल वेस्टहेड यांनी त्याला संघाबाहेर काढलं. संघ जिंकला, हा बाहेर. त्या रागात वेस्टहेडना मारायचा बेत आपण आखला होता, हे त्यानेच नंतर कबूल केलं. मग तो सावरला, व्यसनातून बाहेर पडला, आणि सप्टेंबर 2015 मध्ये बास्केटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे थोर खेळाडूंच्या मानाच्या यादीत गेला. त्यानंतर महिन्याभराने ओडम कोमात. एकाच संघाची दोन माणसं. हेवूडची गोष्ट लोकांना माहीत असती, तर "एवढं मिळूनही" हा प्रश्न 1980 मध्येच जुना झाला असता.

ओडम वाचला. त्याच्या सांगण्याप्रमाणे 12 स्ट्रोक आणि 6 हृदयविकाराचे झटके. मूत्रपिंडं बंद पडलेली. शुद्धीवर आला तेव्हा बोलता येत नव्हतं, चालता येत नव्हतं. ज्या पायांनी तो फायनल खेळला, ते टाकायला पुन्हा शिकला. नंतर त्याने सगळं लिहून काढलं, त्यात स्वतःला फारसं वाचवलेलं नाही. आजी म्हणायची, अंधारात केलेलं उजेडात येतंच, हे त्याने त्यात सांगितलंय. अजिंक्यपद जिंकल्यावर तिकडे खेळाडूला अंगठी मिळते, त्याच्या त्या दोन्ही अंगठ्या पुढे लिलावात विकल्या गेल्या. काहींना ते फार लागतं. मला तितकं नाही लागत. अंगठी गेली, माणूस आहे.

मला लागतं ते दुसरंच. ओडम सापडला त्या रात्री लेकर्सचा सराव सामना नेमका लास वेगासमध्येच होता. कोबी तो सामना सोडून इस्पितळात त्याच्याकडे गेला होता. आणि 26 जानेवारी 2020 ला हेलिकॉप्टरच्या अपघातात कोबी गेला, सोबत 13 वर्षांची लेक. ओडमने तेव्हा लिहिलं होतं की मी कोमात असताना देवाने येऊन विचारलं असतं, तुला नेतो आणि कोबीला ठेवतो, तर मी तेच पत्करलं असतं.

आपल्याकडे ती बातमी आली तेव्हा मध्यरात्र उलटली होती. कॅप्टनचा फोन आला. अशा वेळी त्याचा फोन आला की माझ्या पोटात अजून गोळा येतो. म्हटलं, काय झालं? तो म्हणाला, "बॉल आहे का बे तुझ्याजवळ? चाल ग्राउंडवर."

मी स्कूटर काढली. जानेवारीची थंडी, ग्राउंडचे दिवे बंद, रस्त्यावरच्या खांबाचा काय तो उजेड एका बास्केटपर्यंत येत होता. कॅप्टन आधीच तिथे उभा, मफलर बांधून. अर्धा तास तो फ्री थ्रो मारत होता आणि मी खाली उभा राहून बॉल परत देत होतो. बोललो काहीच नाही. निघताना त्याने खिशातून दोन पेपरमिंट काढले, एक मला दिलं, एक स्वतःच्या तोंडात टाकलं.