वावरातल्या पोरीनं समुद्र शिकावा का?

नमस्कार भाऊ,

दारव्हा तालुक्यातून आलेलं तुमचं पत्र वाचलं. लेक बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला, विषय भौतिकशास्त्र आणि गणित. तिला शिकायचंय की विषुववृत्ताजवळचे वारे समुद्रात प्रवाह आणि भोवरे कसे घडवतात. तुम्ही विचारता, "जिनं समुद्र पाहिला नाही तिच्या डोक्यात हे खूळ कुठून? बी.एड. करू द्यावं का?"

खूळ तुमच्याच वावरातलं असावं. २००९ आणि २०१५ साली पावसानं दगा दिला, तेव्हा एल निनोचं नाव तुम्हीही ऐकलं असेल. प्रशांत महासागरात विषुववृत्तावर वारे पूर्वेकडून येतात आणि कोमट पाणी इंडोनेशियाकडे लोटतात. तिकडची पातळी पेरूच्या बाजूपेक्षा साधारण अर्धा मीटर उंच राहते. त्यातच पृथ्वीच्या फिरण्यामुळे विषुववृत्ताच्या उत्तरेचं पाणी उत्तरेकडे सरतं, दक्षिणेचं दक्षिणेकडे. मधोमध भांग पडतो आणि खालचं थंड पाणी वर येतं. वारे मंदावले की ही घडी विस्कटते, तोच एल निनो. (१९९७ साली मोठा एल निनो असूनही देशात पाऊस ठीक झाला. गणित सरळ नाही, म्हणून तर त्यात माणसं लागतात.)

भोवऱ्यांची तऱ्हा और. वारा बहुतेक वेळा भोवरा थेट घालत नाही, तो प्रवाह हाकतो. उलट दिशांनी धावणारे दोन प्रवाह शेजारी आले की मधलं पाणी पिळलं जातं आणि हजारेक किलोमीटर लांबीच्या नागमोडी लाटा उठतात, त्यांच्यासोबत भोवरे. पुराच्या वेळी नाल्याची जोरदार धार आणि काठाचं संथ पाणी यांच्यामध्ये गिरक्या दिसतात ना, त्याच जातीचे. आपल्या हिंदी महासागरात तर वारेच ऋतूप्रमाणे पालटतात. मान्सूनच्या आधी आणि नंतर, असा वर्षातून दोनदा विषुववृत्तावर पूर्वेकडे जोरदार प्रवाह धावतो. समुद्रशास्त्रज्ञ क्लाउस विर्टकी यांनी तो १९७३ साली मांडला.

आता पोटापाण्याचं. पोरगी महिनोन्‌महिने जहाजावर राहील ही भीती सोडा. समुद्रात तरंगणारी आर्गो नावाची यंत्रं दर दहा दिवसांनी दोन हजार मीटर खोलीपासूनची मोजणी उपग्रहाला कळवतात. ती माहिती फुकट मिळते, दारव्ह्यातही. तिनं आत्तापासून अवकल समीकरणं (डिफरन्शियल इक्वेशन्स) घोटावीत आणि पायथॉन ही संगणकाची भाषा शिकावी. पुढे कोचीच्या विद्यापीठात सागरविज्ञानाची एम.एस्सी. आहे, नाहीतर जॅम ही प्रवेश परीक्षा देऊन भौतिकशास्त्र किंवा गणितात एम.एस्सी., मग संशोधनासाठीची नेट परीक्षा. काम गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, हैदराबादचं समुद्री माहिती केंद्र इन्कॉइस, पुण्याची हवामान संशोधन संस्था आयआयटीएम अशा ठिकाणी.

पण पक्क्या जागा थोड्या. पीएच.डी.शिवाय गाडी पुढे सरकत नाही आणि बरीच वर्षं प्रकल्पाच्या मानधनावर जातात. घराला दोन-तीन वर्षांत पगार हवाच असेल तर बी.एड. करू द्या, त्यात कमीपणा नाही. कर्ज काढून खासगी कोर्स मात्र घेऊ नका.

तिचे गणिताचे गुण तुम्ही लिहिलेच नाहीत. ते कळवा, आणि पुढचं पत्र तिलाच लिहू द्या.